बसलात का?

मिसिंगची गाडी म्हणजे दवाखान्याच्या पायरीवर थांबणारी दाढदुखी. घरी माणूस गाल धरून कण्हत बसतो आणि डॉक्टरपुढे तोंड उघडलं की दुखणं गायब. गिऱ्हाईक पोटतिडकीने सांगतं, चालता चालता इंजिन मधेच एक ठोका खातं. आणि माझ्या दारात तीच गाडी शिवणयंत्रासारखी चालते. मग गिऱ्हाईक ओशाळतं आणि मी उगाच हुशार दिसतो. अठ्ठावीस वर्षांतली माझी निम्मी हुशारी अशीच कमावलेली आहे.

सिस्टरांची गाडी याच जातीची. सिस्टर म्हणजे डोंगरावरच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या गाडी घेऊन आल्या तेव्हा कोपराला पट्टी होती आणि हेल्मेटवर एका बाजूने लांब ओरखडा. झालेलं त्यांनी पेशंटचा ताप सांगावा तसं सांगितलं. चढावर, दुसऱ्या वळणाच्या आधी, ट्रकला ओलांडताना इंजिनाने लागोपाठ दोन ठोके खाल्ले. गाडी अडखळली, त्या पडल्या. ट्रकचं मागचं चाक हेल्मेटपासून वीतभर अंतरावरून गेलं.

मी म्हटलं, ठेवून जा, चार दिवसांत बघतो. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"एकटीने जायची गाडी आहे, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "रोज तीस किलोमीटर. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी बदली मागते. वर माझ्याशिवाय कोणी नाही, केंद्राला कुलूप लागेल. पण ट्रकखाली जाण्यापेक्षा ते बरं."

मी शब्द दिला. मी आजवर एकही गाडी 'होत नाही' म्हणून परत केलेली नाही. एक केली होती, पण ती मेहुण्याची होती.

माझं गॅरेज म्हणजे पुढे पत्र्याची शेड आणि मागे दहा बाय बाराची खोली. खोलीत खाट, स्टोव्ह आणि एक खुर्ची. दोन होत्या, दुसरी शेजारच्या सलूनवाल्याने गर्दीच्या दिवशी म्हणून नेली आणि तिच्यावर आता त्याची गिऱ्हाइकं म्हातारी होत चालली आहेत. मीही मागितली नाही. एका माणसाला दोन खुर्च्या कशाला? बायको नऊ वर्षांपूर्वी तिच्या भावाकडे गेली ती तिकडचीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. एवढंच म्हणाली, की तुमच्याशी चार शब्द बोलायचे तर मला मोटरसायकल व्हावं लागेल. तेव्हा मी कोणाचा तरी कार्बोरेटर साफ करत होतो आणि हूं म्हणालो.

असो. गाडीकडे येऊ.

मिसिंग शोधायची माझी पद्धत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच गाडी चालवून बघायची. लोक प्लग, कॉइल, वायरिंग सगळं एकदम बदलतात. गाडी बरी होते, पण दुखणं कशात होतं ते कळत नाही. असं आपोआप गेलेलं दुखणं माझ्या मनाला शांत झोपू देत नाही. म्हणून मी वही ठेवतो. काय बदललं, कुठे मिस मारलं, किती वेळा. माझी टेस्टिंगची वाट ठरलेली: गॅरेजपासून पाण्याची टाकी, तिथून चढाने वर पेट्रोल पंप, वळून परत. अकरा किलोमीटर.

पहिल्या फेरीला तीन ठिकाणी मिस. प्लग बदलला. पाच ठिकाणी मिस. प्लगची टोपी बदलली. एकदाच, पण असा सणसणीत की पेट्रोलच्या टाकीवर हनुवटी आपटली. पेट्रोलचा दोष की ठिणगीचा, हे बघायला प्लगच्या वायरला एक बारीक दिवा लावला आणि तो चिकटपट्टीने टाकीवर बसवला. ठिणगी पडली की दिवा लुकलुकतो. रस्त्याऐवजी दिव्याकडे बघत गेलो म्हणून एका शांत उभ्या असलेल्या म्हशीला जाऊन टेकलो, पण काम झालं. इंजिनाने ठोका खाल्ला तेव्हा दिवा विझला होता. म्हणजे ठिणगीच पडत नव्हती.

कॉइल गरम झाल्यावर काही वेळा असा दगा देते. ती गरम करायला मी सलूनवाल्याचा केस वाळवायचा ड्रायर मागायला गेलो. तो म्हणाला, खुर्चीत गिऱ्हाईक आहे. मी म्हटलं, दोनच मिनिटं. पाऊण तास कॉइल भाजली. इंजिन एकदाही चुकलं नाही. बिचारं गिऱ्हाईक मात्र डोक्याला टॉवेल गुंडाळून शेडच्या दारात येऊन उभं राहिलं आणि विचारू लागलं की आत नक्की कोणाचे केस चाललेत.

कॉइल झाली, पिकअप झाला, किल स्विच, अर्थिंग, सगळ्या जोडण्या. वहीची पाच पानं भरली. मिस तसाच.

आणि मग सलूनवाल्याला पेट्रोल पंपापाशी काम निघालं. तो मागे बसला. टाकी गेली, चढ गेला, पंप आला, एक ठोका चुकला नाही. त्याला सोडून मी एकटा उतरलो तर उतारावर तीन मिस.

मी शहाणा माणूस आहे. मी लगेच म्हटलं, वजन. मागे वजन पडलं की सीट दबते, सीटखालची एखादी वायर जागेवर बसते, ठिणगी सुरळीत होते. सरळ हिशेब. सलूनवाल्याला भंगारवाल्याच्या काट्यावर उभं केलं. सत्तावन्न किलो. सत्तावन्न किलो वाळूचं पोतं मागे बांधलं. पोतं फाटकं निघालं, टाकीपर्यंत माझ्यामागे वाळूची रेघ उमटली आणि बायाबापड्या हसल्या, पण अर्धं पोतं शिल्लक असताना आणि नंतर नवं पूर्ण पोतं बांधूनही गाडी मिस मारतच राहिली.

सलूनवाला बसला की नाही मारायची.

सिस्टर रोज सकाळी दुधाच्या टेम्पोतून जात होत्या. टेम्पो त्यांना चढाच्या पायथ्याशी सोडायचा, पुढे त्या पायी. त्या दिवशी जाताना थांबल्या तेव्हा मी सहज विचारलं, हे मिसिंग सुरू कधी झालं. त्यांनी नीट आठवून सांगितलं. सहा वर्षं त्या आणि दुसऱ्या एक सिस्टर याच गाडीवरून जोडीने जायच्या. दुसऱ्यांची मागच्या महिन्यात बदली झाली. त्या मजेत आहेत, फोन असतो. मिसिंग त्यानंतरचंच.

"का हो?" सिस्टरांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, वहीत लिहायला.

पण आता मी हट्टाला पेटलो. गाडीला माणूस कळतो आणि वाळू कळत नाही, हे मला मान्य नव्हतं. मी माणसं बदलून बघायला लागलो. एका वेळी एकच. जाड माणूस, बारीक माणूस, सलूनमधलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. त्याच्या उरलेल्या फेसावर वाटेतले कीटक चिकटले आणि तो परत आला तेव्हा सलूनवाल्याने त्याला ओळखलंच नाही. मग समोरचे टेलर. टेलर जपून बसणारे. ते गळ्यातली टेप सावरत पाय उचलत होते तोवर मी क्लच सोडला. पार टाकीपर्यंत मी मागे मान करून त्यांना ठिणगीची वेळ ठरवणारी सीडीआय नावाची डबी म्हणजे काय ते समजावत होतो. टाकीपाशी इंजिनाने ठोका खाल्ला. मी ब्रेक दाबून वळून पाहिलं. सीट रिकामी. गाडीला माझ्या आधी कळलं होतं.

टेलर अजून गॅरेजसमोर एक पाय वर धरून उभे होते. तेव्हापासून मी नियम केला: क्लच सोडण्याआधी विचारायचं, "बसलात का?" मागून हो आलं की मगच निघायचं. तीन दिवसांत मी तो प्रश्न चाळीसेक वेळा तरी विचारला असेन. जिभेला वळणच पडलं.

चौथ्या दिवशी माणसं संपली. टेलरांच्या बायकोने त्यांना घराबाहेर सोडायचं बंद केलं. सलूनवाल्याची पाठ धरली होती.

"अरे, गाडीचं ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटतं तुलाच मागे कोणीतरी लागतं. बायकोला एक फोन का नाही करत?"

मी म्हटलं, तू ड्रायर सांभाळ.

त्या संध्याकाळी ऊन उतरलं होतं. शेडमध्ये मी आणि गाडी. उद्या सिस्टरांना काय सांगायचं, याचा विचार करत मी किक मारली, गिअर टाकला आणि सवयीने म्हणालो, "बसलात का?"

हो आलं नाही. येणार कुठून? माझंच मला हसू आलं आणि मी क्लच सोडला.

टाकी गेली. दिवा एकसारखा लुकलुकत होता. चढ लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. पंप आला. साडेपाच किलोमीटर, एक ठोका चुकला नाही.

मी खूश झालो. पंपावर उतरून प्लग पाहिला, छान बिस्किटाच्या रंगाचा. मग वाटलं, एकदा तसाच जाऊन बघू. काही न बोलता निघालो. शंभर मीटरवर मिस. थांबलो. इंजिन चालूच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कोणी ऐकत नाही ना बघून मी हळूच विचारलं, "बसलात का?"

मागची स्प्रिंग खाली गेली.

थोडीशी. टेलरांइतकीही नाही. पण अठ्ठावीस वर्षं गाड्यांवर बसल्यावर बुडाला एवढं कळतं.

वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते वहीत लिहिलेलं नाही. उतारावरच्या वळणाला मी गाडी झुकवली आणि मागचं वजन माझ्याबरोबर झुकलं. नवखा माणूस वळणावर घाबरून उलटा ताठ होतो, गाडी ओढली जाते. हे तसं नव्हतं. मागे जे होतं ते सवयीचं होतं. ब्रेक लावला तेव्हा पाठीला अलगद टेकलं आणि परत मागे सरलं. सभ्यपणे.

गॅरेजशी आलो. माणूस आणून सोडला की म्हणतो तसं मी म्हणालो, "उतरा, आलं." गाडीवरून मी उतरलो आणि मग, मनात तीन आकडे म्हणावेत इतक्या वेळाने, स्प्रिंग वर आली.

सकाळी सिस्टर टेम्पोतून उतरून विचारायला आल्या. गाडी चालत होती. निदान कशी चालते ते मला माहीत होतं. मी म्हणालो, अजून थोडं टेस्टिंग बाकी आहे. त्यांनी कोपराची पट्टी सारखी केली, बरं म्हणाल्या आणि गेल्या. चढावर त्या पायी जाताना मला मागून दिसल्या.

टेस्टिंग काहीच बाकी नव्हतं.

पुढच्या तीन संध्याकाळी मी फेरी मारली. पंपापर्यंतच नाही, पुढेही. आधी मी इंजिनाबद्दल बोललो, कारण मला तेच येतं. मग टेलरांची गोष्ट सांगितली. मग मेहुण्याच्या गाडीची. मग एकदा, चढ संपून वाट सपाट होते तिथे, बायको गेली त्या दिवसाचं सांगितलं. कार्बोरेटर कोणाचा होता तेही आठवलं. नऊ वर्षांत हे कोणाला सांगितलं नव्हतं. मागून उत्तर आलं नाही. पण वळणावर ते माझ्याबरोबर झुकत होतं आणि इंजिन एका ठोक्यालाही चुकत नव्हतं. घरी आल्यावर दर वेळी मी म्हणायचो, उतरा, आलं.

तिसऱ्या दिवशी सलूनमधून मी माझी खुर्ची परत आणली. सलूनवाल्याने विचारलं, कोण पाहुणे? मी म्हटलं, खुर्ची माझी आहे.

सोमवारी सकाळी सिस्टर हेल्मेट हातात घेऊनच आल्या. टेम्पो बंद झाला होता. आता आजच काय ते.

मी म्हणालो, झाली. काय होतं विचारलं तर म्हणालो, अर्थिंगची वायर सैल होती. कारण सापडलं नाही की जगातले सगळे मिस्त्री हेच सांगतात.

त्या म्हणाल्या, टाकीपर्यंत बघून येते. मी दारात उभा राहून आवाज ऐकत होतो. वीस मीटर, तीस मीटर.

मिस.

टाकीपाशी परत एक. वळून येताना दोन.

सिस्टर समोर येऊन थांबल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही झाली म्हणालात, मिस्त्री."

माझ्यामागे, आतल्या खोलीत, खुर्ची करकरली. कोणी बसल्या जागी अंग सैल केल्यावर करकरते तशी.

तेव्हा मला कळलं की मी रोज कोणाला तरी माझ्याच दारात उतरवून घेत होतो.

एवढंच म्हणायचं होतं, की नाही होत, बदली मागा. गाडी माझ्याकडे पडून राहिली असती. संध्याकाळच्या फेऱ्या चालू राहिल्या असत्या. वाक्य तोंडात तयार होतं. सिस्टर वाट बघत होत्या. त्यांनी हेल्मेट काढलं नव्हतं आणि ओरखडा माझ्या बाजूला होता.

मी आत गेलो. खोलीत सकाळचं ऊन होतं. दोन खुर्च्या समोरासमोर, माझ्या रात्रीच्या कपासकट. मी त्या खुर्चीकडे न बघता स्टोव्हकडे बघून बोललो.

"सिस्टर निघाल्यात. त्यांना चढावरून जायचंय." मग म्हणालो, "जा. बसा."

थोडा वेळ काही झालं नाही. मग दाराजवळचा पडदा हलला आणि परत जागेवर आला.

बाहेर येऊन मी सिस्टरांना सांगितलं, की रोज निघताना एक करायचं. क्लच सोडण्याआधी विचारायचं, बसलात का.

"कोणाला?"

"गाडीला समजा. माझी पद्धत आहे. करून तर बघा."

त्यांनी माझ्याकडे तापाच्या पेशंटकडे बघतात तसं पाहिलं. पण भल्या बाई. पुढेच बघत, हळू आवाजात, त्या म्हणाल्या, "बसलात का?"

स्प्रिंग खाली गेली.

त्या निघाल्या. वीस मीटर, तीस मीटर, टाकी. मी ठोके मोजत होतो. एकही चुकला नाही.

टाकीनंतर रस्ता वळतो. वळणाआधी सिस्टर सीटवर बोटभर पुढे सरकल्या, मागच्याला नीट बसता यावं म्हणून सरकतात तशा. मग त्यांचं हेल्मेट जरा मागे कललं, वाऱ्यातून कोणाचं बोलणं ऐकायला कलतं तसं. आणि दोनदा मान हलली.

माझ्याशी मात्र चार संध्याकाळी एक शब्द नव्हता.